पाय सरळ ठेवता येईल ना?

विमान वर गेलं आणि शेजारच्या सीटवर आईने डावा पाय सरळ पसरून बोटं हलवून पाहिली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तो पाय नीट वाकत नाही. म्हणून गुवाहाटीला राहणाऱ्या ताईचं घर तिने अजून पाहिलं नव्हतं.

बिझनेस क्लासने जायचं ठरल्यावर दोन विमान कंपन्यांतली एक तिनेच निवडली. दोन्हीकडे फोन करून तिने एकच विचारलं, "पाय सरळ ठेवता येईल ना?" पहिल्या कंपनीच्या माणसाने जेवणातले पदार्थ वाचून दाखवले. दुसरीकडची मुलगी म्हणाली, "काकू, तुमची उंची किती?"

"हिचंच तिकीट काढ," आई मला म्हणाली.

मी आजवर असल्या याद्या वाचूनच भुलत आलो. आपल्याला नेमकं काय हवंय, हे इतक्या साध्या शब्दांत मला कधी विचारता आलं नाही.

गुवाहाटीला विमानाच्या दाराशी व्हीलचेअर घेऊन माणूस उभा होता. "बॅगा ठेवा हिच्यावर," आई त्याला म्हणाली आणि काठी टेकत, ताठ मानेने, लेकीला भेटायला चालत निघाली.