बुंदूच्या आतले विलासभाऊ

शोभावहिनींचा फोन आला तेव्हा मी सहावीच्या वर्गात हजेरी घेत होते. शाळेच्या वेळेत त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून व्हरांड्यात येऊन उचलला. आधी नुसता दवाखान्यातला गलका ऐकू आला. मग त्या म्हणाल्या, "रंजू, तुये भाऊ गेले व. आत्ताच. मशीनवरच होते." मी "बरं" म्हणाले. असं कोणी म्हणतं का... पण तोंडातून तेवढंच निघालं. वर्गात परत गेले, उरलेली हजेरी पुरी केली, मुख्याध्यापकांना सांगितलं आणि अमरावतीच्या स्टँडवरून अकोल्याची बस धरली. मूर्तिजापूर मागे पडेपर्यंत मला रडूसुद्धा आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकोल्याच्या एका पेपरात विलासभाऊंबद्दल चार ओळी आल्या. कलाशिक्षक, हौशी रंगकर्मी, बार्शीटाकळीचे मूळ रहिवासी, मागे पत्नी आणि मुलगी. त्यात चूक काहीच नव्हती. पण आज अमरावती-अकोल्यात जी पोरंपोरी विशी-बाविशीची आहेत, त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या घरच्या अल्बममध्ये विलासभाऊंचा फोटो आहे आणि त्यांना ते माहीत नाही. फोटोत एक जाडं निळं अस्वल दिसतं, त्याच्या गळ्यात पडलेलं ते पोर दिसतं. अस्वलाच्या आतला माणूस कुठेच दिसत नाही. तो माणूस गेला, हे त्या पोरांना कोणीतरी सांगायला हवं, म्हणून हे लिहिते आहे.

त्या काळी मुलांच्या एका वाहिनीवर रविवारी दुपारी तीन तास सलग कार्टून लागायची. बुंदू हे त्यातलं सगळ्यांत लाडकं अस्वल, महाआळशी, कुठेही झोपून जाणारं. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत बुंदूचा एक तासाभराचा खास भाग यायचा आणि त्याच्या आधी पंधरा दिवस वाहिनीची जाहिरातवाली मंडळी गावोगावी कार्यक्रम करत फिरायची. गाडी मुंबईहून यायची, अस्वलाचा पोशाख गाडीत असायचा, पण पोशाखात शिरणारा माणूस आणि माइकवर बोलणारी मुलगी ते जिथल्या तिथे शोधायचे. मी वलगावची, अमरावतीला बी.एड. करत होते आणि स्नेहसंमेलनांची निवेदनं करून थोडी ओळख झाली होती. मला माइक मिळाला. विलासभाऊ अकोल्याच्या एका विनाअनुदानित शाळेत चित्रकला शिकवायचे आणि चौदा एप्रिलच्या स्टेजवर दरवर्षी मूकनाट्य करायचे. त्यांना अस्वल मिळालं.

पहिला कार्यक्रम अमरावतीच्या एका मॉलपुढे होता. सडपातळ, चाळिशीला टेकलेला, चष्मा लावलेला हा माणूस बघून मला वाटलं, याला कोणी घेतलं. त्यांनी चष्मा काढून माझ्या हातात दिला. "सांभाळजो व. याच्याबिगर मले काईच दिसत नाई, पण आतमधी त्याच्यावर वाफ धरते." मग पोशाखात शिरले, मी पाठीमागची चेन वर ओढली, वर ते मोठं डोकं बसवलं... आणि समोर बुंदू उभा राहिला. हलण्यात, मान वळवण्यात, पोट खाजवण्यात माणसाचा मागमूस नव्हता. बाहेर गेल्यावर त्यांनी मुलांशी हात मिळवता मिळवता मधेच बसकण मारली आणि आडवे होऊन झोपून गेले. हे आमचं ठरलेलं नव्हतं. मी बावरून माइकवर म्हणाले, "अरे, बुंदू झोपला. उठवू या का त्याला?" मुलं ओरडली, "बुंदू, ऊठ!" अस्वल हललं नाही. दुसऱ्यांदा ओरडली, नुसती कूस बदलली. तिसऱ्यांदा सगळा रस्ता ओरडला, तेव्हा बुंदूने एवढा मोठा आळस दिला की आयासुद्धा हसायला लागल्या. त्या दिवसापासून आमचा तो खेळ पक्का झाला. तिसऱ्या हाकेला उठायचं.

त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता. "काई झालं तरी पोट्ट्याइसमोर डोकं काढाचं नाई. त्याइच्यासाठी आतमधी कोणीच नाई, समजली?" शेगावकडच्या एका कार्यक्रमात त्यांच्या मानेवर गांधीलमाशी चावली होती, पोशाखाच्या आत. त्यांनी नाचत नाचत पडद्यामागे जाऊन मग डोकं काढलं. मान लालभडक सुजली होती आणि हा माणूस विचारत होता, "नाच बरा वाटला का?"

तीन उन्हाळे आम्ही असे काढले. चौथ्या उन्हाळ्यात, मेमध्ये, अकोल्याचा कार्यक्रम आला. अकोल्याचा मे बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दुपारी डांबर चपलेला चिकटतं आणि वारा आला तर तो भट्टीचं दार उघडल्यासारखा येतो. मंडप एका मैदानात होता, वर पत्रे. त्या वर्षी मुंबईहून कॅमेरा आला होता. मुलांचं चित्रीकरण करून ते खास भागाच्या मधल्या जाहिरातीत दाखवणार होते. टीव्हीवर दिसणार म्हटल्यावर अर्धं अकोला पोरं घेऊन आलं होतं. सकाळी पोशाख तपासताना विलासभाऊंनी मॅनेजरला सांगितलं, डोक्यातला पंखा फिरत नाही. अस्वलाच्या डोक्यात बॅटरीवरचा एक लहान पंखा असायचा, तेवढीच काय ती हवा. मॅनेजर म्हणाला, बघतो. तो कॅमेऱ्याच्या गडबडीत होता. त्याने बघितलं नाही. मी शेजारीच उभी होते, मी सगळं ऐकलं होतं, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.

एरवी वीस मिनिटं झाली की आम्ही बुंदूला आत न्यायचो. त्या दिवशी कॅमेरावाले सोडेनात. अजून एक नाच, अजून एक रांग. पाऊण तास होऊन गेला असेल. मग बुंदू स्टेजच्या कडेला बसला आणि आडवा झाला. मला वाटलं, चला, खेळ सुरू झाला. मी म्हणाले, "बुंदू झोपला!" मुलं ओरडली. एकदा, दोनदा, तीनदा. बुंदू उठला नाही. मला वाटलं, कॅमेरा आहे म्हणून भाऊ ताणतायत. चौथ्यांदा ओरडायला लावलं, पाचव्यांदा. कॅमेरावाल्याने अंगठा वर केला, अजून होऊ दे म्हणून खुणावलं. सहा... सात. आठव्यांदा मंडपाचे पत्रे थरथरले असतील. मग मला एक गंमत सुचली. मी गुडघ्यावर बसून माइक अस्वलाच्या तोंडाशी नेला आणि म्हणाले, "ऐका, बुंदू कसा घोरतोय."

स्पीकरमधून तो आवाज सगळ्या मैदानावर गेला. खर्र... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा खर्र. मुलं खदाखदा हसली. मी विलासभाऊंचं खोटं घोरणं तीन उन्हाळे ऐकलं होतं. हे ते नव्हतं.

त्या क्षणी मी डोकं काढायला हवं होतं. दोन्ही हातांनी उचललं असतं तर निघालं असतं. पण समोर काही शे मुलं बसली होती आणि माझ्या कानात त्यांचा नियम होता. मी माइकवर म्हणाले, "बुंदूला खूप झोप आली, त्याला घरी झोपवू या." माझा आवाज कापलासुद्धा नाही, याची मला आजही भीती वाटते. चौघांनी त्यांना पोशाखासकट उचलून पडद्यामागे नेलं. पायऱ्या उतरताना वेळ गेला, डोकं लगेच निघालं, पण चेन अडकली, ती कापायला कात्री शोधण्यात वेळ गेला. पोशाखातून बाहेर काढलं तेव्हा त्यांचे डोळे अर्धवट उघडे होते, अंग तव्यासारखं तापलेलं आणि घाम मात्र एक थेंब नव्हता. शोभावहिनी लेकीला घेऊन मुलांच्या गर्दीतच बसल्या होत्या. लेकीला शेजारणीच्या ताब्यात देऊन त्या धावत मागे आल्या आणि आपल्या पदराने त्यांचं तोंड पुसत राहिल्या. पडद्यापलीकडे मॅनेजर मुलांना टोप्या वाटत होता.

चार दिवस ते शुद्धीवर नव्हते. त्याच आठवड्यातल्या रविवारी दुपारी बुंदूचा खास भाग लागला. मी अमरावतीला खोलीवर होते. टीव्ही लावायची इच्छा नव्हती, घरमालकिणीच्या नातवाने लावला. पहिल्या मध्यंतरात हसरा आवाज आला, "देखिए, अकोला के बच्चों ने बुंदू को कैसे जगाया!" आणि स्टेजवर आडवं पडलेलं निळं अस्वल दिसलं. पुढे हात वर करून ओरडणारी पोरं, ऊठ, ऊठ, ऊठ. दहा-बारा सेकंद असतील. त्याला त्यांनी पुढे कार्टूनमधला आळस देणारा बुंदू जोडला होता, म्हणजे तो उठला. मी मुंबईला मॅनेजरला फोन लावला. म्हणाले, आतला माणूस दवाखान्यात आहे, ते दाखवू नका. तो म्हणाला, वर विचारतो. ती जाहिरात शाळा उघडेपर्यंत लागत राहिली.

शुद्धीवर आल्यावर विलासभाऊंनी मला पहिलं काय विचारलं असेल? "डोकं काढलं नाई ना पोट्ट्याइसमोर?" मी नाही म्हणाले. "मंग बरं झालं," म्हणाले आणि डोळे मिटले.

त्यानंतर ते कधी पहिल्यासारखे झाले नाहीत. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. काही महिने सावरल्यासारखं वाटलं, मग वर्षा-दोन वर्षांत पाय सुजायला लागले आणि पुढे आठवड्यातून दोनदा डायलिसिसचं मशीन. त्या दुपारमुळेच हे झालं असं कोणत्याच डॉक्टरने ठाम सांगितलं नाही, आणि नाही असंही सांगितलं नाही. शाळेतली नोकरी सुटली. चित्रं काढायचे, पण हात थरथरायचा. मी माइक पुन्हा धरला नाही. शिक्षिका झाले, लग्न झालं, पण दर महिन्या-दीड महिन्याला अकोल्याला जात राहिले. आम्ही कशाकशावर बोलायचो, त्या दिवसावर नाही.

पाच वर्षांपूर्वी एकदा ते मशीनवर असताना त्यांच्या शेजारी बसले होते, तेव्हा माझ्याच्याने राहवलं नाही. म्हणाले, "भाऊ, मी आठ वेळा ओरडायला लावलं. वर माइक लावला तोंडाला." त्यांनी मोकळ्या हाताने चादर सारखी केली. मग म्हणाले, "पंखा बंद हाये हे मले सकाळीच मालूम होतं. तरी मी आतमधी गेलो. आता तू कायले सारं आपल्या अंगावर घेऊन राहिली?" मी म्हणाले, "मलाही माहीत होतं." "मंग दोघाइले मालूम होतं," ते म्हणाले. "झालं आता." त्यात माफी होती की नाही, मला कळलं नाही. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, हे खरं. पण बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं मला अनेकदा वाटलं.

मागच्या रविवारी वहिनींकडे गेले होते. डिसेंबरातली थंडी, मी स्वेटर घालून, आणि त्यांच्या खोलीत कूलर धडधडत होता. वहिनी शाल लपेटून त्याच्यासमोर बसलेल्या. माझी नजर पाहून म्हणाल्या, "त्याइले गरमी सोसतच नोव्हती त्या दिवसापासून. बारा मयने चालू राहे. आता बंद केला का घर मले खाले धावते."

सोनल, त्यांची लेक, चहा घेऊन आली. ती आता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. कप हातात देऊन ती माझ्याजवळच बसली आणि एकदम म्हणाली, "आत्या, तुमाले मालूम हाये का, थ्या जाहिरातीत मी होती. पयल्या रांगेत, गुलाबी फ्रॉकवाली." मला माहीत नव्हतं. त्या दहा-बारा सेकंदांत मी कोणाचाच चेहरा पाहिला नव्हता. "बुंदूमधी पप्पा असतात हे मले कोणी सांगतलंच नोव्हतं. मी साऱ्या मोहल्ल्यात सांगत फिरली का मी टीव्हीवर आली. पप्पा दवाखान्यातून घरी आले, तरी मी दिवसभर टीव्हीसमोर. आन मी आंगणात खेळाले गेली आन तेवढ्यात थे लागलं, तं पप्पाच खाटेवरून आवाज देत, सोनू, ये, तुयं आलं..."

 वहिनी कूलरकडे पाहत होत्या.

"नववीत गेल्यावर आईनं सांगतलं. मंग मी त्याइले विचारलं, तुमी काऊन नाई सांगतलं? आन वरून मले बलावत होते पाहाले."

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणे, तू खुश होती ना व."

 तेवढ्यात कूलरमधलं पाणी संपलं आणि मोटर कोरडी खरखरायला लागली. सोनल उठली, न्हाणीतून बादली भरून आणली आणि मागची जाळी उघडून हळूहळू आत ओतली. वाऱ्यात पुन्हा गारवा आला, ओल्या गवताचा वास आला. वहिनींनी शाल घट्ट ओढून घेतली, मी हात स्वेटरमध्ये घेतले. बंद कर, असं आमच्यापैकी कोणीच म्हणालं नाही.