टीम कोणाच्या नावावर?

लेक लग्न होऊन अमेरिकेला गेली, तेव्हापासून दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. त्यात माझं आणि जावयाचं बोलणं दोन वाक्यांत आटपायचं. "जेवण झालं?" "हो, तुमचं?" मग आम्ही दोघंही लेकीच्या तोंडाकडे बघत बसायचो. जावई पुण्याचा, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. मी उटनूरच्या तहसील कचेरीतून रिटायर झालेला कारकून. माणूस तो वाईट नव्हता, मीही नव्हतो. पण लेक मधे बसून कधी त्याला, कधी मला बोलतं करायला बघायची आणि थकून जायची. एकदा फोन ठेवताना तिचा उतरलेला चेहरा पाहिला आणि मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

एका रविवारी जावईच तोंड पाडून बसलेला. त्यांच्या शहराची फुटबॉल टीम विकायला निघाली होती. तो खेळ मी एकदा पाहिलाय. चेंडू काखेत मारून पळतात आणि म्हणतात फुटबॉल! म्हणून खेळाचं काही विचारलं नाही. सवयीनं विचारलं, "जावईबापू, सध्या टीम कोनाच्या नावावर हाय?"

जावई खुलला. एका व्यापाऱ्यानं टीम उभी केली. तो वारला, बायकोच्या नावावर आली. ती गेल्यावर दोन भाऊ नि एक बहीण, तिघांची तोंडं तीन दिशांना, मग कोर्टकचेरी. अहो, हे तर मला तोंडपाठ! उभी नोकरी मी वारसांची हीच भांडणं ऐकली, फक्त आमच्याकडे टीमच्या जागी कापसाचं वावर असतं.

"बहिणीनं सही देल्ली काय?" मी विचारलं.

"तिथंच तर अडलंय!"

माझ्या बायकोनं पुढ्यात ठेवलेला चहा निवून गेला. त्यानंतर दर रविवारी, कोर्टात तारीख पडावी तशी, आमची पेशी भरू लागली.

परवा सोमवारी मी बाजारात वांगी निवडत होतो, तर जावयाचा फोन. स्वतःहून, पहिल्यांदाच. "बाबा, विकली. नवा मालक बाहेरचा आहे. टीम उचलून दुसऱ्या शहरात नेईल म्हणतात." तिकडे मालकाला तसं करता येतं म्हणे. आवाज पार पडलेला.

"खेळाचं मैदान कोनाचं हाय?"

"शहराचं. बऱ्याच वर्षांचा करार आहे."

"मंग जाते कुठं? आमच्याकडं एक बांध हालवाले दोन पिढ्या लागतात."

तो खळखळून हसला. मग वांग्यांवर बोललो, त्याच्या गुडघेदुखीवर बोललो, कशाकशावर बोललो. फोन ठेवला आणि लक्षात आलं, दोघांनीही लेकीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. रुसली असेल म्हणून घाईनं तिला फोन लावला. "बाई, तुले बोलवाचं राहूनच गेलं."

"मी दाराआडच उभी होती, बाबा. आत आली असती, तर तुमी दोघं चूप झाले असते."