बूड न पाहता पसंत केलेली होडी

बैलगाड्यांच्या शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून बैल पाहायला लोक मला जुन्नर-आंबेगावात दूरदूर नेतात. मी बैलाभोवती एक फेरी मारतो, खूर उचलतो, दात पाहतो आणि एकच शब्द बोलतो. पसंत, किंवा नापसंत. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. आयुष्यात भाषणे पुष्कळ केली. परंतु गावात मान आहे तो या एका शब्दाला. तोच शब्द मी एका होडीविषयी उच्चारला, आणि त्याचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

होडी माझ्या मुलाला हवी होती. तो चाकणला कारखान्यात फिटर आहे. धरणाच्या फुगवट्यावर पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा बंगला आहे. त्यांनी बऱ्याच वर्षांपूर्वी एक शिडाची होडी ट्रेलरवर घालून येथे आणली. मासेमारीची डोंगी नव्हे. कुटुंबाने दोन-तीन दिवस पाण्यावर राहावे अशी, चार माणसांच्या झोपण्याची सोय, लहानशी शेगडी आणि उंच डोलकाठी असलेली. त्यांची मुले परदेशी गेली आणि होडी नुसती उभी राहिली. माझा मुलगा दोन वर्षे दर रविवारी तेथे जाऊन त्यांच्याकडून शीड हाकायला शिकला. गृहस्थांनी ती विकायचे ठरवले, तेव्हा सुटीच्या दिवशी बायको आणि दोन लेकरांना घेऊन पाण्यावर राहायचे, एवढेच त्याने मनाशी धरले. गावाने चेष्टा केली. "गाडा घ्यायचा सोडून नाव घेतोय राव," असे पारावर लोक म्हणत. मी चेष्टा केली नाही. फक्त म्हणालो, "मी बघतो आधी."

तेथूनच चूक सुरू झाली.

दिवाळी नुकतीच झाली होती. धरण तुडुंब भरलेले. गृहस्थांनी आम्हांला लहान नावेतून होडीपर्यंत नेले. मी नावेतूनच तिच्याभोवती फेरी घातली. बोटांच्या पेरांनी बाजू ठोकून पाहिल्या. आत शिरून ओलीचा वास येतो का ते पाहिले. दोर ओढले, शीड उलगडायला लावले. सारे नीटनेटके होते. मुलगा मात्र आतली फळी उचलून गुडघ्यांवर बसला होता. अशा होडीच्या बुडाला खाली लोखंडाचा जड पंख जोडलेला असतो. त्याच्या वजनाने ती वाऱ्यात उलटत नाही. तो पंख धरून ठेवणाऱ्या बोल्टांच्या नटांवर त्याने बोट फिरवले आणि ते तांबडे झालेले बोट मला दाखवले.

"आण्णा, हिचं बूड बघाय पायजे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठाला टेकंल, तवर थांबू."

"चार वर्षांपूर्वी सगळं तपासून घेतलं होतं," गृहस्थ म्हणाले. "पण थांबायचं तर थांबा. दुसरेही विचारताहेत."

असे म्हणून त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. सकाळी ते ओझरच्या गणपतीला जाऊन आले होते. आमच्याकडे जनावराचा सौदा ठरला की घेणारा विकणाऱ्याच्या हातचे गोड खातो, आणि गोड खाल्ल्यावर खोट काढत नाही. पुण्याच्या माणसाला ही रीत ठाऊक असेल असे मला वाटले नव्हते. त्यांनी पेढा पुढे केला. विघ्नहराचा प्रसाद. मुलगा माझ्याकडे पाहत होता. एका अनोळखी, सभ्य माणसासमोर माझ्या परीक्षेवर माझाच मुलगा शंका घेतो, हे मला सहन झाले नाही. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, "पसंत."

परतताना वाटेत पेठ गावात चहासाठी थांबलो. मुलाने कपाला हात लावला नाही.

"बैल घेताना तुमी खूर उचलून बघता ना?"

"बैलाचा खूर उचलता येतो."

"हिचाबी येतो. हायड्रा क्रेन आणली की उचलंल."

"गोड खाल्लंय. आता विषय नाय काढायचा."

"गोड तुमी खाल्लं, आण्णा. बसणार माझी पोरं हायेत."

मी चहाचे पैसे देऊन उठलो. पुढचे पंधरा दिवस आम्ही बोललो नाही. एकदा सुनेने ताट वाढताना विचारले, "आण्णा, समजा वाऱ्यात त्यो पंख निसटला तर काय व्हतं?" मी म्हणालो, "निसटणार नाय." हे मला कोठून कळले होते, ते तिने विचारले नाही. मीही स्वतःला विचारले नाही.

मुलाने गृहस्थांची परवानगी काढली आणि सुटीच्या दिवशी हायड्रा बोलावली. मी गेलो तो ते काम थांबवायला. मी शब्द दिलेला असताना होडी तपासणे म्हणजे मला चारचौघांत खोटे ठरवणे, असे मी वाटेत मनात घोकत होतो. धरणात बुडालेल्या गावाचा जुना रस्ता जिथे पाण्यात उतरतो, तिथे हायड्रा उभी होती. मी पोहोचेपर्यंत होडीच्या पोटाखालून पट्टे गेलेले होते.

होडी वर आली. पाणी निथळले. बूड आणि पंख यांच्या सांध्यातून गंजाचे ओघळ उतरत होते. मुलाने सांध्यात पेचकस घातला. तो मुठीपर्यंत आत गेला. मग त्याने पंखाला नुसता हात लावून ढकलले, आणि कित्येक मणांचे ते लोखंड हलले.

हायड्राचा ड्रायव्हर आमच्याच बाजूचा होता. केबिनमधून वाकून तो म्हणाला, "गुरुजी, हिचे दात बघितले व्हते का?"

गृहस्थांनी वाकून सांधा पाहिला. मग माझ्याजवळ आले. "गुरुजी, तुम्ही पसंत केलीत. माझ्या हातचा प्रसाद खाल्लात." त्यांना हा दोष आधी ठाऊक होता की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. मी त्यांच्यावर संतापलो होतो, ड्रायव्हरवर संतापलो होतो. मुलावर सर्वांत अधिक, कारण तो म्हणाला, "आण्णा म्हणतील तसं. शब्द त्यांचा हाय." तो थट्टा करीत नव्हता. मी घे म्हटले असते तर त्याने ती घेतली असती.

ते लोखंड अजून किंचित डोलत होते.

"मी मोडतो सौदा," मी म्हणालो. "मी बूड पाहिलं नव्हतं. पाहिल्याशिवाय बोललो."

गृहस्थ म्हणाले, "मग तुमच्या शब्दाला अर्थ काय राहिला?"

"या होडीपुरता काही नाही."

एवढे उच्चारायला मला किती जड गेले, ते लिहून दाखवण्याची मला इच्छा नाही. मुलगा पुढे झाला. आवाज न चढवता त्याने गृहस्थांना सांगितले, "काका, बोल्ट मी बनवून आणतो. सगळे बदलू, सांधा नवा भरू. मग पुन्हा उचलून बघू. तवा जमलं तर घेतो, न्हाय तर न्हाय. पेढा त्याच्यानंतर." गृहस्थांनी मान डोलावली.

होडी तीन महिने काठावर लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली. मुलगा प्रत्येक सुटीला तेथे होता. पंख उतरवला तेव्हा जुने बोल्ट त्याने घरी आणले; काहींची जाडी शिसपेन्सिलीएवढी उरली होती. ते त्याने मला दाखवले नाहीत, ओसरीवर ठेवून दिले. मी एकटा असताना ते पाहिले.

पाण्यात सोडायच्या दिवशी त्याने पुन्हा हायड्रा आणली, होडी उचलून धरली आणि पंखाला दोन्ही हातांनी ढकलले. तो हलला नाही. मग मुलगा गृहस्थांना म्हणाला, "घेतली." माझ्याकडे कोणी पाहिले नाही. होडी पाण्यात उतरली. सून लेकरांना घेऊन काठाशी आली आणि नवऱ्याला तिने विचारले, "बोल्ट सगळे बघितले ना?"

"मोजून बघितले."

तेव्हा तिने लेकरांना एकेक करून त्याच्या हाती दिले.

मी काठावर उभा होतो. मला कोणी विचारले नाही, आणि विचारायला नकोच होते. हे मला पटते. तरीही त्या दिवशी घरी येईपर्यंत माझे दात एकमेकांवर घट्ट आवळलेले होते.