कोपरचा पत्ता

"कोण विचारतंय?" कुठल्याही प्रश्नावर त्याचं पहिलं उत्तर हेच. दातांत वायरचं टोक, एक भुवई वर. फोनवर "जेवलास का?" म्हणणाऱ्या आईलासुद्धा तो सोडत नसे.

"तुझी आई विचारतेय, मेल्या!"

"आवाज ओळखला. जेवलो."

डोंबिवलीत आमच्या वाचनालयाखालच्या गाळ्यात त्याचं ऑफिस होतं. पार कोपरपर्यंतच्या घरांना इंटरनेट तोच पुरवायचा. तुमच्याकडेही असा एक येत असेल. नेट का गेलं, यापलीकडे तुम्ही त्याच्याशी बोलला नसाल. मला, वरच्या ग्रंथपालाला, मात्र तो शिकवायचा. "सर, नेटवर्क म्हणजे एकाने विचारायचं, दुसऱ्याने सांगायचं. सुरक्षा म्हणजे सांगण्याआधी माणूस ओळखायचा." माझा पासवर्ड फ्लॅटचा नंबरच आहे हे कळल्यावर त्याने कपाळाला हात लावला. "त्यापेक्षा किल्ली दारावर टांगा ना!"

एका दुपारी एक सभ्य माणूस वाचनालयात आला. बहिणीचं नेट बंद आहे म्हणाला, तिचं नाव सांगितलं. ती आमची वाचक. मी चटकन बोलून गेलो, "कोपरला राहतात त्या? खाली विचारा, पत्ता त्याच्याकडे असेल."

तो तिचा नवरा होता. त्याच्या मारापासून पळून ती कोपरला लपली होती. पुस्तक घेताना तिच्या मनगटावरचे चटक्यांचे डाग मी पाहिले होते. तरी बोललो.

खालून किंकाळी आली. मी धावलो. अर्धवट ओढलेल्या शटरखालून दिसलं: नवऱ्याबरोबर आलेल्या दोघांनी त्याचा हात टेबलावर दाबून धरला होता आणि नवरा त्याच्याच पकडीने एकेक बोट मोडत होता. समोर ग्राहकांच्या यादीचा संगणक.

"पासवर्ड बोल!"

"कोण... विचारतंय?"

"नवरा आहे तिचा!"

"मग नाही."

लोखंडी कांब जबड्यावर बसली, मग डोक्यावर. मी ओरडत राहिलो. माणसं जमेपर्यंत ते पळाले होते. पत्ता मिळाला नव्हता.

कल्याणच्या इस्पितळात त्याचा जबडा तारांनी बांधला होता; डोक्याच्या जखमेबद्दल डॉक्टर खात्री देत नव्हते. कोपरचं नाव माझ्याच तोंडून गेलं, हे मी त्याला सांगितलं. त्याने डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या दिवशी ती आली. नवरा अजून मोकळाच होता. ती त्याच्या पायांशी हात जोडून रडू लागली. त्याने प्लास्टरातला हात उचलला. उशाशी बसलेल्या त्याच्या आईला वाटलं, आशीर्वाद देतोय. पण तो हात पुन्हा पुन्हा दाराकडे झटकला जात होता. सलाइन निसटलं, चादर रक्ताने भिजली, तरी थांबेना.

मी तिला मागच्या जिन्याने खाली नेलं, रिक्षात बसवलं. कुठे जाणार, ते विचारलं नाही.

वर आलो तेव्हा तो निश्चल झालेला हात आईने छातीशी घट्ट धरला होता, आणि नर्स पडदा ओढत होती.