ताग्यातलं आरमार

मला लढाईच्या विज्ञानकादंबऱ्या आवडतात, त्याही जाडजूड आणि किचकट. नुसती गोळीबाजी असली की मी पुस्तक मिटतो. आरमार तारे ओलांडून निघालंय, हुकूम पोचायला तीन महिने लागतात आणि तोवर हुकूम देणाऱ्याचीच उचलबांगडी झालेली असते, अशी भानगड असली की मी खूश. शेकडो जहाजं, चार पक्ष, आणि कुठल्या जहाजावर पीठ किती उरलंय हेही लेखकाला ठाऊक! अशा माणसाला मी मनातल्या मनात साष्टांग नमस्कार घालतो.

सोलापूरच्या नवी पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी वाचत बसतो. एवढी जहाजं डोक्यात राहत नाहीत, म्हणून संपलेल्या ताग्यातला पुठ्ठा घेऊन त्यावर मराठीत सगळी मांडणी करतो. कोण कुठं, कप्तान कोण, मेला की नावावर फुली. वडील म्हणायचे, "पन्नाशी आली की रे तुझी! अजून लुटूपुटूची लढाई?" मी हसण्यावारी न्यायचो, पण लागायचं. अख्ख्या सोलापुरात याबद्दल बोलायला मला एक माणूस नव्हता.

गेल्या वर्षी वडिलांनी खाकी कापड हाताला लागेल त्या पुठ्ठ्यावर गुंडाळलं. त्यावर माझं तिसऱ्या खंडापर्यंतचं आरमार होतं. तागा अकलूजला गेला, साखर कारखान्याच्या पहारेकऱ्यांच्या गणवेशासाठी. कळलं तेव्हा मी असा भडकलो की शेजारचा सराफ डोकावून गेला. पुस्तक तिथंच अडकलं.

आठवड्यानं कापड नेलेले गृहस्थच पुठ्ठा काखेत घेऊन आले. पहारेकऱ्यांचे प्रमुख, निवृत्त फौजी.

"तुमचंच हाय न्हवं हे? लई डोकं लावलंय. पण ही डावीकडची तुकडी मरणार बघा. रसद लई मागं ऱ्हायलीया. आमी जन्मभर रसदीच्याच गाड्या चालवल्या की."

मी चहा मागवला आणि तासभर गोष्ट सांगितली. त्यांनी असे प्रश्न विचारले, जे मला कधी सुचलेच नव्हते. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता. वडील गल्ल्यावर बसून ऐकत होते.

निघताना ते फौजी म्हणाले, "एक सांगू का? ह्या फुल्या मारू नका. गेलेल्याचं नाव वाचता आलं पायजे."

चार दिवसांत खंड संपवला. डावी तुकडी मेली, रसदीअभावीच. मी पुठ्ठा काढला आणि फुली न मारता एकेका नावाखाली रेघ ओढू लागलो. वडिलांनी चष्मा लावला, पुठ्ठा स्वतःकडे ओढला आणि पहिल्यापासून एकेक नाव मोठ्यानं वाचत गेले. एका नावावर थांबले.

"ही कप्तानबाई कशी गेली रे?"