पत्र्याच्या डब्यातलं नाव

लॉकर उघडलं आणि फोनवर नुसते मिस्ड कॉल. पोरीच्या टीचरचे सात, ह्यांचे नऊ. पहिला एक वाजताचा, आणि आता तीन वाजत आलेले. म्हणजे दोन तास माझ्या पोरीला काहीतरी झालेलं होतं आणि मी बाहेर काउंटरवर पावाचे ट्रे मांडत होते, गिऱ्हाइकांकडं बघून हसत होते.

टीचरला फोन लावला. घाईत दोनदा भलत्याच नंबरावर बोट पडलं.

"ममी, फीवर व्हेरी हाय. दोनदा उलटी झाली," टीचर म्हणाली. "तुमच्या दुकानात फोन केला, दोनदा केला. ते म्हणतात, ह्या नावाची कुणी इथं कामच करत नाही."

मी खाली बघितलं. छातीवर बॅज, आणि बॅजवर दुसरंच नाव.

मॅनेजरबाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. एप्रन तसाच ठेवून, बॅज सवयीनं पर्समध्ये टाकून पळाले. ह्या परदेशी बेटावर दुकान सेरंगूनच्या मॉलमध्ये, आणि पोरीचं चाइल्डकेअर, म्हणजे पाळणाघर, लांब पासिर रिसला, आमच्या ब्लॉकखाली, राहत्या इमारतीच्या तळमजल्यावर. मधे पाया लेबार स्टेशनात गाडी बदलायची. त्या गाडीत बसायला जागा होती तरी मी दारालाच चिकटून उभी राहिले, जसं काही मी उभी राहिले म्हणजे गाडी लवकर पोचेल. एका म्हाताऱ्या चिनी आजींनी टिश्यूचं पाकीट पुढं केलं तेव्हा कळलं की मी रडत होते.

आणि सगळं माझ्यामुळं झालं होतं, हे मला त्या दारातच कळलं.

कामाला लागले त्या दिवशी मॅनेजरबाईंनी माझं पासपोर्टवरचं नाव दोनदा म्हणून बघितलं. मग हसल्या, वाईट नाही, लाजल्यासारख्या. म्हणाल्या, "गिऱ्हाईक अडखळतं गं. हेड ऑफिस म्हणतं, बॅजवर सोपं नाव पाहिजे." ड्रॉवरमधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात नोकरी सोडून गेलेल्या पोरींचे बॅज. "कुठलं आवडतं बघ." जसं बांगड्यांच्या दुकानात विचारतात तसं. मी छोटंसं एक उचललं. तेव्हापासून दुकानात मी ती झाले.

मला त्याचं काही वाटलं नाही, खरं सांगते. लग्नात माझं नाव बदललंच होतं की. ताटात तांदूळ पसरून ह्यांनी अंगठीनं नवीन नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले आणि दुसऱ्या दिवसापासून सासरी त्या नावानं हाक, पुढं पासपोर्टही त्याच नावाचा. आठ-पंधरा दिवस मी हाकेला वळायचे नाही, मग वळायला लागले. बाईच्या नावाचं असंच असतं, असं मला वाटायचं. दुकानातलंही तसंच एक.

पण ह्यांना सांगितलं नाही. बायकोचं नाव नवऱ्यानं ठेवायचं, ते दुसऱ्या कुणी ठेवलं हे कसं सांगायचं, ह्याचीच लाज. रोज घरी येताना बॅज काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकायचे. चाइल्डकेअरच्या कार्डावर पासपोर्टवरचं नाव, दुकानात डब्यातलं नाव, आणि दोन्हीकडची मी एकच आहे हे फक्त मलाच माहीत.

पोचले तर पोर टीचरच्या मांडीवर. डोळे अर्धे मिटलेले, गाल लाल, कपाळावर ओला रुमाल. मला बघून ती रडली नाही. नुसता हात पुढं केला आणि माझं बोट धरलं. मी तिला उचललं तर अंग तव्यासारखं.

शेजारच्या ब्लॉकखाली क्लिनिक आहे. डॉक्टर म्हणाले, घसा सुजलाय, औषध द्या, दोन-तीन दिवसांत बरी होईल. तेवढ्यात हे आले, तुआसहून, बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून, फॅक्टरीचे बूट तसेच पायात. पोरीला हात लावला, मग माझ्याकडं बघितलं.

"अगं, मी तुझ्या दुकानात फोन केला," हे म्हणाले. "ती पोरगी म्हणते, अशी कुणी नाही. मी म्हणलं, नीट बघ, माझी बायको आहे. ती म्हणते, अंकल, राँग नंबर. मला वाटलं, ही रोज सकाळी डबा घेऊन जाते तरी कुठं?"

मी पर्समधून बॅज काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटा केला, सुलटा केला.

"ही कोण?"

"मीच."

"कधीपासून?"

"पाच महिने."

पोरीच्या कपाळावरचा रुमाल सरळ केला. मग म्हणाले, "लग्नात तुझं नाव शोधायला मी चार दिवस घालवले होते. आत्याला पत्ता लागू दिला नव्हता, नाहीतर तिनंच ठेवलं असतं." आणि हसले. पण बॅज मला परत देताना नीट, दोन बोटांनी धरून दिला, पोरीच्या औषधाची बाटली देतात तसा.

पोरीला बरं वाटल्यावर कामावर गेले आणि मॅनेजरबाईंना म्हणलं, बॅजवर माझं नाव घाला. एवढं इंग्रजी मी घरी पाठ करून गेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. टीचरचा फोन आला तेव्हा काउंटरवर नवीन पोरगी होती, तिनं बॅजवर वाचलेलंच तिला माहीत. मॅनेजरबाईंनी फोनशेजारी चिठ्ठी चिकटवली माझ्या नावाची. पण बॅजचं त्यांच्या हातात नव्हतं. "मलाही हे नाव पहिल्या नोकरीतच दिलं," आपल्या बॅजवर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "माझी आई गेली तोपर्यंत तिला ते म्हणता आलं नाही." मग हळू आवाजात, "तुला जमत नसेल तर सांग, मी दुसरी बघेन. तुझ्यावर राग नाही."

इथं काम करायचं माझं परवानगीपत्र ह्याच दुकानाच्या नावावर, नोकरी गेली की तेही गेलं. नववीत शाळा सुटलेल्या मला दुसरं कोण घेणार होतं?

चिठ्ठी आठवड्यात निघाली. पुसताना फडक्याबरोबर गेली असेल. नवीन पोरगीही गेली, तिच्या जागी आणखी नवीन आली.

मग मी टीचरकडं गेले. वर्गाच्या भिंतीवर प्रत्येक पोराचं कार्ड असतं, वर फोटो, खाली आईचं नाव आणि कामाचा नंबर. नावाला एकच ओळ. दोन नावं मावत नाहीत, मी बोटानं मापून बघितलं. टीचर म्हणाली, "तुम्ही सांगाल ते लिहू, ममी. दुकानात फोन उचलल्यावर तुम्ही मिळाल्या पाहिजेत." ह्यांना फोन करून विचारलं. मशिनींच्या आवाजातच म्हणाले, "लिही. पोरीला आई सापडायला पाहिजे." आणि लगेच ठेवला.

कोरं कार्ड टेबलावर, वर फोटोत माझी पोर दोन वेण्या घालून हसतेय. शेजारी खरीखुरी पोर माझी ओढणी ओढत होती, चल म्हणत होती. मी तिच्या आईच्या जागी दुकानातलं नाव लिहिलं. एकेक अक्षर दाबून लिहिलं, पुसट व्हायला नको म्हणून.

त्यानंतर एकदा तिचा गुडघा फुटला तेव्हा टीचरचा फोन पहिल्याच फटक्यात माझ्यापर्यंत आला. मी पळाले, तिला घेतलं, फुंकर मारली. माझ्या आईला मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही. ती फोनवर मला अजून माहेरच्याच नावानं हाक मारते आणि मी ओ देते.

तुमच्या पुढ्यात ते कार्ड असतं, एकच ओळ असती आणि पोर ओढणी ओढत असती, तर तुम्ही काय लिहिलं असतं?