मिस्त्री आणि नसलेला पंखा

मिस्त्री पंखे, मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करतो. जन्मला तेव्हा घरच्यांनी मुलगी समजून नाव ठेवलं. विशीत त्याने केस कापले, शर्ट घातला आणि 'मी मुलगा आहे' असं घरात जाहीर केलं. बापाने बोलणं टाकलं. मिस्त्री म्हणतो, तो आधी तरी कुठे बोलायचा. पंचाईत झाली आईची. जुनं नाव घेतलं तर पोर ताटावरून उठायचं आणि नव्या नावाला जीभ वळायची नाही. तिने 'बाळ' म्हणायला सुरुवात केली आणि बाळाच्या मिशा पिकेपर्यंत वेळ मारून नेली.

दुकानामागे एक खोली आहे. सुटीच्या दिवशी शटर अर्धं ओढून आम्ही तिथे जमायचो. कुणी त्याच्यासारखे, कुणी माझ्यासारख्या, म्हणजे मुलगा म्हणून वाढवलेल्या बाया. पंख्या-मिक्सरच्या उघड्या पडलेल्या मोटारींमध्ये बसून चहा प्यायचो, रडायचो, एकमेकींच्या कपड्यांना नावं ठेवायचो. शिकलेली माणसं आता याला आधारगट म्हणतात. आम्ही 'मिस्त्रीकडे जाते' एवढंच म्हणायचो.

तिथे आम्हा बायांची एक परीक्षा असायची. कोपऱ्यावरच्या फोनवरून दुकानात फोन करायचा आणि विचारायचं, "माझा पंखा झाला का?" पंखा नसायचाच. आवाज बाईचा वाटला तर मिस्त्री म्हणायचा, "नाही मॅडम, उद्या या." नाही वाटला तर, "नाही साहेब, उद्या या." गयावया करा, शिव्या द्या, हा कुणाला फुकट मॅडम म्हणायचा नाही. मला पहिल्याच महिन्यात मॅडम मिळालं, हे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

आपला आवाज आपल्याला ऐकता यावा म्हणून त्याने फोनला टेप जोडला होता. कॅसेट एकच. भलत्याच्या हाती लागू नये म्हणून दर वेळी जुन्यावरच नवं रेकॉर्ड करायचं. वर्षानुवर्षं आम्ही आमचा इतिहास आमच्याच हातांनी पुसत होतो आणि त्याला काळजी घेणं म्हणत होतो.

यंदा वाचनालयाने आमच्या गटाच्या आठवणींसाठी एक कपाट दिलं. दिलं म्हणजे मी भांडून घेतलं. कपाट मिळालं आणि लक्षात आलं, आत ठेवायला काही नाही. फोटो आम्ही काढूच दिले नव्हते. मग मला कॅसेट आठवली.

"देणार नाही," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. तो एका मिक्सरचं पोट उघडून बसला होता.

"का? तुझ्या बापाची आहे?"

"तिच्यावर तडतडी आहे."

तडतडी आमच्यातली सगळ्यात बडबडी. तिचा आवाज घागरीत दगड टाकल्यासारखा. ती रोज फोन करायची आणि रोज साहेब व्हायची. मग न्यूमोनियाने गेली. घरच्यांनी पेपरात जुनं नाव छापलं आणि वर मिशीवाला फोटो. तिच्यानंतर मिस्त्रीने त्या कॅसेटवर काही भरलं नाही.

"म्हणजे ती बाई म्हणून फक्त त्या कॅसेटवर उरलीय," मी म्हणाले, "आणि ती तू खिळ्यांच्या डब्यात ठेवणार?"

"त्यात मी तिला साहेब म्हटलंय. शेवटचं. लोकांनी तेच ऐकायचं?"

"हो, तेच!"

"तेवढं पुसतो, मग ने."

माझं डोकंच सणकलं. "हात लावून बघ! घरच्यांनी पुसलं, आता तूही पूस! अरे खडूसा, तू तिला साहेब म्हणायचास, म्हणून तर तुझ्या मॅडमला किंमत होती. नाहीतर तू कोण, सगळ्यांना एकच ऐकवणारा रेडिओ?"

त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "मिक्सर संध्याकाळी द्यायचाय," म्हणाला. मी शटरला लाथ घालून निघाले. शटरला काही झालं नाही. माझा अंगठा सुजला.

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात रिकाम्या कपाटापुढे बसले होते, तर हा इस्त्रीचा शर्ट घालून हजर. खिशातून कॅसेट काढली. ग्रंथपालबाईंनी यंत्रात घातली. खरखर झाली, मग तडतडी आली.

"माझा पंखा झाला का हो?"

"नाही साहेब, उद्या या."

"मेल्या, कानात वंगण घाल! उद्या परत साहेब म्हणालास ना, तर तोच पंखा तुझ्या डोक्यात घालीन." मग तिचं ते हसणं, आणि फोन ठेवल्याचा आवाज.

मिस्त्री खिडकीबाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, भिंत होती.

ग्रंथपालबाई बिचाऱ्या सरळ. ऐकलं ते त्यांनी चिठ्ठीवर लिहून मोठ्याने वाचलं: "दोन पुरुषांचं फोनवरचं बोलणं."

मी उसळणार होते. मिस्त्रीने माझ्या सुजलेल्या अंगठ्यावर पाय दिला. चुकून दिला असं तो म्हणतो.

"बाई, एक पुरुष," तो म्हणाला. "तो मी. ते तुम्ही बरोबर लिहिलंत."

"आणि दुसरे?"

त्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"दुसऱ्या मॅडम आहेत."

बाईंनी खोडलं, नवीन लिहिलं, चिठ्ठी चिकटवली. मिस्त्रीने ती नखाने कडेपर्यंत नीट दाबली.

"त्यांच्या पंख्याचं काय झालं?" बाईंनी विचारलं.

"तयार आहे," मिस्त्री म्हणाला.